बंद सोयींचे भाडे

जून निम्मा सरला की महाबळेश्वर बंद होत असे. हे बंद होणे आजच्यासारखे अर्धवट नव्हते. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर आपला सगळा लवाजमा घेऊन पुण्याला गणेशखिंडीच्या निवासात उतरायचा. त्याच्या मागोमाग सचिव, कारकून, लष्करी अधिकारी, बंगले भाड्याने घेऊन राहिलेले मुंबईचे पारशी आणि गुजराती शेठ, त्यांचे बटलर, आया आणि हंगामापुरते वर आलेले दुकानदार असे सगळेच घाट उतरू लागत. मागे राहिलेली माणसे बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधत, कारण जांभ्याच्या भिंतींना तो पाऊस उघड्यावर सोसत नसे. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ऑक्टोबरात ताट्या सुटत, खोल्यांचा कुबट वास जावा म्हणून शेगड्या पेटत, आणि घाटात पुन्हा टांगे दिसू लागत. मधल्या काळात तिथे कोणी पाहुणा नसे, म्हणून कोणाला बिलही नसे. गाव बंद तर भाडे बंद, इतका तो हिशेब सरळ होता.

आता महाबळेश्वर बारा महिने उघडे असते. माथेरान, पाचगणी आणि लोणावळ्याचेही तेच. पण गाव उघडे असणे वेगळे आणि गावातले सगळे चालू असणे वेगळे. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी जूनमध्ये थांबते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते. वेण्णा तलावातल्या होड्या पावसाचा जोर असला की काठाला बांधून ठेवतात. हॉटेलचा पोहण्याचा तलाव दुरुस्तीला काढायला मालकाला हाच काळ सोयीचा वाटतो, आणि मुलांच्या खेळांच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो गावी गेलेला असतो. एवढे सगळे बंद असताना खोलीचा दर मात्र पुष्कळदा चालूच राहतो. शनिवार-रविवारी, पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली तर, तो भर हंगामाच्या दराशी खांदा लावून उभा असतो. हे न्याय्य आहे का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते पाहुण्याविषयीच्या कळवळ्यातून आलेले नाही. थंड हवेच्या ठिकाणांचे अर्थकारण गेल्या दोनशे वर्षांत कसे उभे राहिले ते पाहिले, तर बंद महिन्यांचा खर्च हंगामाच्या दरात आधीच वसूल झालेला असतो असे दिसते. तोच खर्च पावसाळी पाहुण्याकडून पुन्हा मागणे म्हणजे एका मालाची किंमत दोनदा घेणे होय.

मुळात ही गावे राहण्याची सोय म्हणून वसलीच नाहीत. १८२४ साली पीटर लॉडविक हा पुढे जनरल झालेला लष्करी अधिकारी महाबळेश्वराच्या पठारावर चढला आणि तिथल्या हवेचे गुण त्याने इतर साहेबांच्या कानी घातले. सर जॉन माल्कम गव्हर्नर झाल्यावर त्या बोलण्याला सरकारी रूप आले. १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि कंपनी सरकार यांच्यात करार होऊन वाईकडचे खंडाळा हे गाव महाराजांना मिळाले व त्याच्या बदल्यात डोंगरावरचा मुलूख कंपनीकडे गेला. तिथल्या नव्या पेठेला माल्कमचे नाव मिळाले. आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम, त्याभोवती बंगले, बंगल्यांसाठी बाजार, अशी ती वस्ती वाढत गेली. वेण्णा तलाव १८४२ च्या सुमारास साताऱ्याचे पुढचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज यांनी बांधवला, तो गावाला पाणी मिळावे म्हणून. भाजीपाल्याची सोय झाली ती तिथे आणून ठेवलेल्या चिनी कैद्यांच्या हातांनी. बटाटा आणि स्ट्रॉबेरीची तिथली परंपरा त्या तुरुंगाच्या मळ्यांपर्यंत जाऊन पोचते. थोडक्यात, ज्याने बंगला बांधून भाड्याने दिला त्याने रस्ता केला नव्हता, तलाव खणला नव्हता की कड्यांवरच्या जागा शोधल्या नव्हत्या. तरी त्याचे भाडे चढत गेले ते याच गोष्टींमुळे. त्याच चार भिंती वाईत असत्या तर त्यांना मुंबईच्या शेठजीने विचारलेही नसते.

माथेरानच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात त्या डोंगरावर गेला, आणि पुढे लॉर्ड एल्फिन्स्टन या गव्हर्नरने तिथे रस घेतला. खालून नेरळवरून १८५६ मध्ये रेल्वे जाऊ लागली आणि मुंबईला सर्वांत जवळचे गार ठिकाण मिळाले. पण नेरळ ते माथा हे चढणीचे अंतर तट्टू, डोली किंवा पायी असेच कापावे लागे. सर आदमजी पीरभाई या धनाढ्य बोहरा उद्योगपतीला एकदा नेरळला उतरल्यावर वर जायला वाहनच मिळाले नाही आणि त्या रागातून रेल्वेचा विचार निघाला, अशी आख्यायिका सांगतात; ती खरी असो नसो, रेल्वे मात्र त्याच घराण्याच्या पैशातून झाली. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केले आणि १९०७ मध्ये दोन फुटी रुळांवरून वीस-एकवीस किलोमीटरची ती गाडी डोंगर चढली. खर्च १६ लाख रुपये. कड्याच्या अंगाने पाऊस कोसळू लागला की दरडीच्या भीतीने ती बंद ठेवण्याची रीत त्या काळापासून पडली, आणि गाडीबरोबर गावही मिटून जाई. माथेरानची कित्येक जुनी हॉटेले पावसाळ्यात सरळ कुलूप लावत. गाडी नाही, वर सामान चढत नाही, लाल मातीचे रस्ते शेवाळलेले, मग पाहुण्याला बोलवायचे तरी कशाला, हा त्यांचा विचार धंद्याचाही होता आणि सचोटीचाही.

आता भाड्याकडे येऊ. जुन्या महाबळेश्वरात बंगला रात्रीच्या हिशेबाने मिळत नसे. तो महिन्याने किंवा हंगामाने घ्यावा लागे. बंगल्याच्या मालकाला वर्षाचे चार महिने उत्पन्न शून्य, आणि खर्च मात्र त्याच महिन्यांत सर्वांत जास्त. ताट्यांसाठी गवत, बांधणारे मजूर, राखणदाराचा पगार, पावसानंतरची डागडुजी, चुन्याचा हात, कुजलेली तक्तपोशी. हा पैसा तो आणणार कोठून? हंगामाच्या भाड्यातूनच. म्हणजे एप्रिल-मेमध्ये बंगल्यात राहणारा शेठ नुसत्या एप्रिल-मेचे पैसे देत नव्हता, तर तो बंगला पुढच्या एप्रिलपर्यंत उभा राहावा याचेही देत होता. त्यालाही ते ठाऊक होते, म्हणूनच डोंगरावरचे भाडे मुंबईच्या मानाने महाग असूनही तक्रारीचा सूर फारसा नव्हता. महाग असणे आणि अन्यायाचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हंगामाचा दर महाग असतो, कारण आठ महिन्यांनी बारा महिन्यांचा भार उचलायचा असतो. तो भार एकदा उचलला गेला की बाकीच्या चार महिन्यांत जो कोणी येईल त्याच्याकडून त्याला प्रत्यक्ष जे मिळाले त्याचेच पैसे घेणे योग्य. पावसाळ्यात निम्म्या दराने खोली देण्याची जी पद्धत या गावांत पुढे रूढ झाली, ती या न्यायाला धरूनच होती. ती हॉटेलवाल्यांनी स्वतःच पाडली, कोणी कायद्याने लादली नाही, आणि तिच्यात त्यांचे नुकसान होत नव्हते, कारण ते नुकसान मे महिन्यात आणि नाताळात आधीच भरून निघालेले असे.

मग ही पद्धत मोडली कशी? एका दिवसात नाही. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, एसटी आणि खाजगी गाड्या वाढल्या, मध्यमवर्गाच्या हाती स्वतःची मोटार आली, आणि २००२ पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. पाऊस हा ज्यांना पूर्वी डोंगर सोडण्याचा इशारा वाटे, त्यांच्याच नातवंडांना तो डोंगरावर जाण्याचे निमित्त वाटू लागला. यात वाईट काही नाही. सह्याद्रीचे खरे रूप पावसातच दिसते असे मला स्वतःलाही वाटते. पण यामुळे एक गंमत झाली. पाहुणा बारमाही झाला, त्याच्याबरोबर हॉटेलाचा दरही बारमाही झाला, आणि सोयी मात्र हंगामीच राहिल्या. रूळ, तलाव, घाटरस्ते, कडे यांनी आपले जुने पंचांग बदललेले नाही.

लोणावळ्यात तर सगळे चित्रच उलटे आहे. तिथे पावसाळा हाच हंगाम. जुलैतल्या शनिवारी बंगल्याचे भाडे सर्वांत चढे असते, कारण गिऱ्हाईक भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यासाठी, धबधब्यांसाठी, लायन्स पॉइंटवरच्या धुक्यासाठी येते. आणि नेमक्या याच दिवसांत या जागा बंद होण्याची शक्यता सर्वांत जास्त. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश काढले, पाण्यात उतरणे आणि संध्याकाळनंतर तिथे थांबणे यांवर बंधने आली. ते आदेश योग्यच होते. त्यावर दुमत असण्याचे कारण नाही. पण बंगल्याच्या जाहिरातीत 'धबधब्यापासून पाच मिनिटे' असे लिहिलेले असेल आणि धबधब्यावर पोलीस उभा असेल, तर त्या पाच मिनिटांचे मोल काय उरले? मालक म्हणेल, आदेश माझा नाही. खरे आहे. मात्र धबधबाही त्याचा नव्हता, तरी त्याच्या नावावर भाडे घेताना त्याने तो आपलाच मानला होता. दुसऱ्याच्या वस्तूवर नफा घ्यायचा असेल तर तिच्या बंद होण्याची जोखीमही त्याच माणसाकडे जाते. माल्कम पेठेतल्या बंगलेवाल्यापासून हा नियम चालत आला आहे. तलाव छत्रपतींचा, रस्ता सरकारचा आणि भाडे बंगलेवाल्याचे. पण पावसात रस्ता बंद झाला की भाडेही त्याचेच बुडे.

माथेरानच्या गाडीचा अलीकडचा इतिहास या जोखमीचा चांगला धडा आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात रूळ वाहून गेले आणि गाडी सुरू व्हायला २००७ उजाडले, म्हणजे शंभरी साजरी करायला ती जेमतेम वेळेवर आली. २०१६ च्या मे महिन्यात, ऐन हंगामात, डबे घसरण्याचे दोन अपघात झाल्यावर ती पुन्हा थांबली आणि टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला दीड वर्षाहून अधिक काळ गेला. २०१९ च्या पावसात पुन्हा मार्ग खचला. नेरळपासून माथेरानपर्यंतची पूर्ण फेरी २०२२ च्या ऑक्टोबरात परत आली. मध्ये अमन लॉज या स्थानकापासून माथेरानपर्यंतची छोटी फेरी जमेल तशी चालू ठेवली गेली, आणि पावसाळ्यात आजही तिचाच आधार असतो. या प्रत्येक खंडात पाहुण्याचे काय झाले? त्याचा खर्च घटला नाही, वाढला. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत, तिथे मोटारींना बंदी, पुढे अडीच-तीन किलोमीटर पायी किंवा घोड्यावर, सामानाला वेगळा हमाल, आणि नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवासी कर. गाडी बंद असल्याचा भुर्दंड त्याने वाटेतच भरलेला असतो. वर पोचल्यावर खोलीचा दर जर गाडी चालू असतानाचाच असेल, तर एका बंद सोयीसाठी तो दोनदा पैसे मोजतो.

हॉटेलवाल्याची बाजू दुबळी आहे असे मात्र कोणी समजू नये. माथेरानला भाजी, गॅसची टाकी, चादरींची गाठोडी, सगळे घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर वर जाते. गाडी बंद झाली की त्याचाही वाहतूक खर्च चढतो. २००३ पासून तो सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. तिथे नवे बांधकाम अवघड, दुरुस्तीलाही परवानग्या लागतात. नोकरांना पावसाळ्यात घरी पाठवले तर दिवाळीला ते परत येतीलच याची खात्री नसते, म्हणून रिकाम्या हॉटेलातही पगार चालू ठेवावा लागतो. महाबळेश्वरात २०२१ च्या जुलैमध्ये एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला, आंबेनळी घाट जागोजागी तुटला. अशा वेळी पाहुणा येत नाही आणि छप्पर मात्र गळत असते. हे सारे मान्य. पण हा युक्तिवाद नीट ऐकला तर तो दर का जास्त आहे हे सांगतो. बंद सोयीचे पैसे का घ्यावेत हे सांगत नाही. वाहतूक महाग झाली तर जेवण महाग करा आणि तसे सांगा. माथेरानात राहण्याचा दर जेवणासकट सांगण्याची जुनी रीत आहेच. पगार चालू ठेवावे लागतात म्हणून जो तलाव कोरडा आहे त्याचा आकार बिलात ठेवणे हे त्या कारणातून निघत नाही. धंद्यातला तोटा हा मालकाचा असतो, जसा मे महिन्यातला नफाही त्याचाच असतो. मे महिन्यात चांगली कमाई झाली म्हणून जूनमध्ये कोणी जुन्या पाहुण्यांना मनीऑर्डर पाठवलेली ऐकिवात नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप असा की पाहुणा काही लहान मूल नाही. पावसाळ्यात गाडी नसते हे त्याला माहीत असते, तरी तो येतो, दर मान्य करून येतो. मग अन्याय कसला? या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याची मर्यादाही आहे. पुण्यातल्या खानावळीत रविवारी संध्याकाळी चूल बंद असते. महिन्याचा दर ठरतानाच ते दोघांना ठाऊक असते, म्हणून कोणी कुरकुरत नाही. पण बुधवारी न सांगता जेवण बंद ठेवले तर मेंबर खाडा कापून मागतो आणि खानावळवाली मुकाट्याने कापूनही देते. हंगामी बंदी ही रविवारच्या संध्याकाळसारखी आहे. ती उघड असेल, दर तिच्यासकट ठरला असेल, तर तो दर कितीही असो, त्याला अन्याय म्हणता येणार नाही. ज्याला धुक्यात बसून भजी खाण्यासाठी आठ हजार रुपये मोजायचे आहेत, त्याने खुशाल मोजावेत. अडचण आहे ती बुधवारची. जाहिरातीत तलावाचा निळाशार फोटो, आरक्षण करताना पूर्ण आगाऊ रक्कम, आणि दारात आल्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी. इथे पाहुण्याने काहीच मान्य केलेले नसते, कारण त्याला काही सांगितलेलेच नसते. आणि गाडीची बंदी जरी सर्वांना ठाऊक आहे असे धरले, तरी ती नागपूरच्या किंवा सुरतेच्या माणसाला ठाऊक असेलच असे नाही. मुंबईकराचे ज्ञान हे सगळ्या गिऱ्हाइकांचे ज्ञान नव्हे.

राहण्याच्या दरात न्याय-अन्याय पाहणे हे सरकारचे काम नाही, ती बाजाराची गोष्ट आहे, असे आज सहज म्हटले जाते. पण आपल्याच प्रांताने एकेकाळी नेमके उलट मानले होते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत जागेची टंचाई झाली तेव्हा १९४४ मध्ये घरभाड्याबरोबर हॉटेल आणि लॉजिंग हाउस यांच्या दरांवरही नियंत्रण आणणारा कायदा झाला, आणि १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे नियंत्रण कायदाही पूर्ण नावाने 'भाडे, हॉटेल व लॉजिंग हाउस दर' यांच्या नियंत्रणाचा होता. हॉटेलच्या खोलीचा वाजवी दर ठरवण्याचा अधिकार त्यात नियंत्रकाला दिलेला होता. घरमालक-भाडेकरूंची भांडणे इतकी गाजली की कायद्याचा हा हॉटेलचा भाग बहुतेकांच्या स्मरणातून गेला; १९९९ चा महाराष्ट्राचा नवा कायदा आला तेव्हा नावातूनही हॉटेल निघून गेले. ती दरनियंत्रणे परत आणावीत असे मी म्हणत नाही. सरकारी नियंत्रकाने डोंगरावरच्या खोलीचा भाव ठरवण्यातून टेबलाखालचा व्यवहार तेवढा वाढेल. पण मुक्कामाच्या दराला 'वाजवी' हे विशेषण लागू होते, इतके तरी त्या कायद्याने नोंदवून ठेवले आहे.

आजचा कायदा दर ठरवत नाही, वचन पाहतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतल्या त्रुटीची व्याख्या केली ती कराराने जे करण्याचे कबूल केले त्याच्या दर्जात, स्वरूपात किंवा पद्धतीत राहिलेली उणीव अशी. २०१९ च्या नव्या कायद्याने तिच्यात महत्त्वाची भर घातली: ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे हीही त्रुटीच. तलाव बंद आहे हे आरक्षण घेताना माहीत असूनही न सांगणे याहून तिचे चपखल उदाहरण शोधावे लागणार नाही. इंग्लंडमध्ये हा मुद्दा १९७२ मध्येच निकालात निघाला. एका वकिलाने नाताळच्या सुट्टीसाठी स्वित्झर्लंडमधल्या एका लहान गावची सहल घेतली होती. माहितीपत्रकात घरगुती मेजवान्या, योडेल गाण्याची संध्याकाळ, आठवड्यातून बऱ्याच संध्याकाळी उघडा असणारा बार असे बरेच काही होते. प्रत्यक्षात बार एकाच संध्याकाळी उघडला, गाणारा माणूस कामाच्या कपड्यांत येऊन चार-पाच गाणी घाईने म्हणून निघून गेला, आणि दुसऱ्या आठवड्यात त्या 'मेजवानीला' हे गृहस्थ एकटेच उरले. सहलीची किंमत त्रेसष्ट पौंडांच्या आसपास होती. खालच्या न्यायालयाने तिच्या निम्मे दिले. अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी १२५ पौंड दिले, कारण सुट्टीत माणूस आनंद विकत घेतो आणि तो मिळाला नाही तर नुसते निम्मे पैसे परत करून हिशेब मिटत नाही. राहायला पलंग आणि खायला जेवण दोन्ही आठवडे मिळाले होते, हे न्यायालयाने पुरेसे मानले नाही.

आपल्याकडच्या हॉटेलचालकांनीही हेच तत्त्व एकदा स्वतःच्या फायद्यासाठी मांडले आहे, आणि ते मला फार बोलके वाटते. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हॉटेलच्या खोलीवरचा कर जाहीर दरावरून ठरत असे, आणि जाहीर दरात खोलीतल्या सर्व सोयींचा आकार धरला जाई. सूट दिली तरी ती वजा होत नसे. हॉटेलवाल्यांनी तक्रार केली की मंदीच्या महिन्यांत आम्ही खोली फार स्वस्तात देतो, मग कर मात्र फलकावरच्या दराच्या टप्प्याने का? तक्रार रास्त होती, आणि २०१८ च्या जुलैमध्ये ती मान्य होऊन प्रत्यक्ष घेतलेल्या रकमेवरून कराचा टप्पा ठरू लागला. म्हणजे फलकावरचा दर आणि त्या दिवशीच्या खोलीचे खरे मोल या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्यवहार खऱ्या मोलावर व्हावा, हे या धंद्याने सरकारला पटवून दिले. मग पाहुण्याशी बोलताना फलकावरचा दर एकाएकी पवित्र का व्हावा?

करोनाच्या साथीत या सगळ्याची एकदम कसोटी लागली. महाराष्ट्रात हॉटेले आणि लॉज ८ जुलै २०२० पासून एक तृतीयांश क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली. पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा, खेळ बंदच राहिले. तलाव नोव्हेंबरात खुले झाले तेही खेळाडूंच्या सरावापुरते. बंदी सरकारची, आजार निसर्गाचा, दोष कोणाचाच नाही. त्या वेळी काही हॉटेलांनी दर उतरवले, काहींनी स्वच्छतेच्या खर्चाचे कारण देऊन चढवले, आणि बऱ्याच जणांनी जुन्या आरक्षणाचे पैसे परत न देता पुढची तारीख देऊ केली. दोष कोणाचाच नसताना नुकसान कोणी सोसावे, हा खरोखर अवघड प्रश्न आहे, आणि त्या वर्षापुरते हॉटेलवाल्याला झुकते माप द्यायला मी तयार आहे. पण त्या अपवादातून पुढे सवय लागली. सोय बंद असली तरी बिलाला हात लावायचा नाही आणि मागणाऱ्याला पुढच्या मुक्कामाचे कूपन द्यायचे, ही रीत साथ गेल्यावरही मागे राहिली आहे. कूपन म्हणजे परतावा नव्हे. ज्याला एकदा बंद तलाव दाखवला त्याला पुन्हा त्याच दारात यायला लावण्याची ती युक्ती आहे.

धुक्याने महाबळेश्वरच्या आर्थर सीट या कड्यावरून काही दिसले नाही, पावसाने मुलांना खोलीबाहेर पडता आले नाही, तर त्याचे पैसे कोणी मागू नयेत. निसर्ग हॉटेलच्या दरपत्रकात नसतो, आणि जुन्या साहेबांनीही धुक्याबद्दल बंगलेवाल्याशी वाद घातला नसावा. पण दरपत्रकात किंवा जाहिरातीत जे नाव घेऊन सांगितले आहे, मग ते हॉटेलच्या आवारातले असो की गावातले, ते बंद असेल तर ते पैसे घेण्यापूर्वी सांगितले पाहिजे. सांगितले नसेल तर दरातून वजा केले पाहिजे. आणि पाहुण्याला तेवढ्यावर राहायचे नसेल तर आगाऊ रक्कम पूर्ण परत दिली पाहिजे. छोट्या लॉजवाल्याला यात जड काही नाही. त्याच्याकडे तलावच नसतो, म्हणून लपवायलाही काही नसते, आणि पावसाळ्यात निम्म्या दराची जुनी पाटी आजही त्याच्याच दारात दिसते.

हे काम एकट्या हॉटेलवाल्यांवर सोपवून भागणार नाही. महाबळेश्वर, पाचगणी आणि माथेरान या तिन्ही नगरपरिषदा वेशीवरच प्रवाशाकडून कर घेतात, आणि गाडी, होड्या किंवा कडे बंद असले तरी तो कर कमी होत नाही. ज्या नाक्यावर ही पावती फाडली जाते त्याच नाक्यावर, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर, आज काय चालू आणि काय बंद याचा तारखेसह फलक लावावा. पाहुण्यांनीही आरक्षण करताना दर विचारण्याआधी बंद काय आहे ते विचारावे, उत्तर लेखी घ्यावे, आणि दारात वेगळे काही निघाले तर बिलावर सही करण्यापूर्वी वजावट मागावी.